मुतनब्बी रस्ता, बगदाद : दुकानातून घ्यावं की जमिनीवरून?

शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा. मुतनब्बी रस्त्यावर पुस्तकं घ्यायची खरी वेळ एवढीच. इराकमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी दुकानांच्या पुढ्यात जमिनीवर ताडपत्र्या आणि पुठ्ठे अंथरून जुन्या पुस्तकांचा पसारा मांडला जातो. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की आवराआवर सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अकरानंतर उकिडवं बसून पुस्तकं चाळणं कोणालाच झेपत नाही. इतर दिवशी हा रस्ता बराचसा वह्या-पेनं, शाळेची पुस्तकं आणि छपाईच्या सामानाचा बाजार असतो. शनिवारी किंवा मंगळवारी जाऊन "काही खास नाही" म्हणत परतणाऱ्यांची चूक वाराची असते.

हे परीक्षण एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी आहे: अरब समाजात लिहिणारा-विचार करणारा माणूस आणि सत्ता यांचं नातं कसं राहिलं, हे ज्याला छापील कागदावरून समजून घ्यायचंय त्याच्यासाठी. नुसत्या कादंबऱ्या किंवा भाषांतरं हवी असतील तर कुठलंही दुकान चालेल. या विषयासाठी मात्र कुठे उभं राहायचं, काय उचलायचं आणि काय ठेवून द्यायचं याला फार महत्त्व आहे.

रस्त्याला नाव मिळालं १९३२ मध्ये, राजा फैसल पहिला याच्या काळात, आणि नाव दिलं ते दहाव्या शतकातल्या अबू तय्यिब अल-मुतनब्बीचं. विषयाचा पहिला धडा या पाटीवरच आहे. हलबच्या, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोच्या, सैफ उद-दौलाच्या दरबारात या कवीने नऊ वर्षं काढली आणि अरबी भाषेतली सर्वांत गाजलेली स्तुतिकाव्यं लिहिली. तिथे बिनसल्यावर तो इजिप्तचा राज्यकर्ता काफूर याच्याकडे गेला. त्याला एखाद्या प्रांताची सुभेदारी हवी होती. ती मिळाली नाही तेव्हा त्याने काफूरवर असं जहरी निंदाकाव्य लिहिलं की ते आजही शाळेत पाठ असतं. अरब देशांत कवी आणि राजा यांच्याबद्दल वाद निघाला की हे उदाहरण हटकून पुढे येतं. राजाने कवीला वापरलं की कवीने राजाला, यावर आजही एकमत होत नाही.

रस्त्याचं एक टोक रशीद रस्त्याला लागतं आणि दुसरं तैग्रिस नदीवर कवीच्या पुतळ्यापाशी संपतं. शेजारीच सराय बाजार आणि किश्ला, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याची उस्मानी काळातली लष्करी बराक. किश्ल्याच्या आवारातच २३ ऑगस्ट १९२१ रोजी फैसलला राजा म्हणून जाहीर केलं गेलं. आता शुक्रवारी तिथल्या बागेत कविता वाचल्या जातात. म्हणजे सरकारी कचेऱ्या, बराक, पुस्तकबाजार आणि चहाची दुकानं ही सगळी पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात आहेत. कागद, शाई, अर्जनवीस आणि छापखाना कचेरीच्या आसऱ्याने वाढतात. पुस्तकबाजार सत्तेच्या दारात का बसला, याचं उत्तर इतकं साधं आहे.

आता दुकानं. इथल्या काचेच्या दर्शनी कपाटांत इराकी आणि लेबनीज प्रकाशनांची नवी पुस्तकं नीट लावलेली असतात. छपाई चांगली, किंमत ठरलेली, पिशवी मिळते. या विषयावरची नेहमीची नावं इथेच सापडतात: मोरोक्कोचे मुहम्मद आबिद अल-जाबिरी, सीरियाचे सादिक जलाल अल-अज्म, इराकचे हादी अल-अलवी, पॅलेस्टिनी इतिहासकार हन्ना बतातू. बतातूंचा इराकच्या जुन्या सामाजिक वर्गांवरचा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९७८ चा, अरबीत तो तीन खंडांत आहे. सुटा पहिला खंड स्वस्तात देऊ करतात, तो घेऊ नये. कम्युनिस्ट, बाथी (सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाचे) आणि सैन्याधिकारी यांच्याबद्दलचा गाभा पुढच्या खंडांत आहे आणि ते नंतर जुळवताना जीव जातो. इराकी समाजशास्त्रज्ञ अली अल-वर्दींच्या आधुनिक इराकच्या सामाजिक इतिहासाचंही तसंच. सहा खंड, त्यातला पाचवा, १९२० च्या उठावावरचा, दोन पुस्तकांत. संच बांधलेला असला तरी सुतळी सोडून एकेक खंडाची पाठ बघावी. एकच खंड दोनदा आणि दुसरा गायब, असं सर्रास होतं.

दुकानातली मोठी अडचण चोरट्या छपाईची. गाजलेल्या पुस्तकाची प्रत स्कॅन करून छापतात आणि खऱ्या प्रतीच्या शेजारीच ठेवतात. ओळखायला तीन जागा पुरतात. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं, विशेषतः प्रकाशकाचं बोधचिन्ह, कडेला फुटलेली दिसतात. आतली ओळ पानाच्या कडेला समांतर नसते, किंचित कललेली असते. आणि शीर्षकपानामागचं प्रकाशनाचं पान गायब असतं किंवा इतकं फिकट की वाचता येत नाही. इराकी पुस्तकावर बगदादच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला जमा-क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. तो नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारावं. "अस्ली?" एवढा एक शब्द पुरतो, आणि बहुतेक जण खरं सांगतात, कारण खोट्या प्रतीची किंमतही तशीच कमी असते. कायम जवळ ठेवायचं पुस्तक असेल तर खरी प्रतच घ्यावी. चोरट्या प्रतीचा डिंक उन्हाळ्यात सुकतो आणि मधली पानं गठ्ठ्याने बाहेर येतात.

वर्ष वाचताना मराठी डोळ्याची फसगत होते, ती आधीच सांगून ठेवायला हवी. इराकमध्ये छापतात त्या अरबी आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. नऊचा आकार आपल्या एकाच्या जवळ जातो आणि एक म्हणजे उभी काठी. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. त्यामुळे १९५५ साल पाहिलं तर काठी, आपला एक आणि दोन गोल, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि माणूस चक्रावतो. सात वर उघडा, आठ खाली उघडा, एवढं पाठ केलं की १९७८ आणि १९८७ यांची गल्लत टळते. या विषयात ती गल्लत महागात पडते. १९७९ मध्ये सद्दाम हुसेन राष्ट्राध्यक्ष झाले, त्याच्या आधीचं पुस्तक आणि नंतरचं पुस्तक यांत तोच लेखक वेगळ्या माणसासारखा बोलतो.

दुकानांतून बाहेर पडून जमिनीवरच्या पसाऱ्याकडे वळलं की या रस्त्याचा खरा माल दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की वेळ कमी असेल तर दुकानं सोडावीत आणि तो सगळा इथे घालवावा. इथे तीन प्रकारचा कागद शोधायचा.

पहिला, सरकारी मासिकांचे जुने अंक. 'अल-अक्लाम' हे बगदादचं वाङ्मयीन मासिक १९६४ पासूनचं. त्याचे आणि त्याच्या जोडीच्या सरकारी नियतकालिकांचे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अंक गठ्ठ्यांत पडलेले असतात. इराण-इराक युद्धाच्या आठ वर्षांत, १९८० ते १९८८, राज्याने युद्धसाहित्याला बक्षिसं, पदं आणि छपाई पुरवली. १९७१ मध्ये बसऱ्याजवळ सुरू झालेला मिर्बद कविता महोत्सवही त्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या स्तुतीचा मंच झाला. कोण काय लिहीत होतं ते आठवणींच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण आठवणी नंतर लिहिल्या जातात. अंकात सापडतं. सलग वर्षांचे अंक मिळाले तर एक सुटा अंक घेण्यापेक्षा दहाचा गठ्ठा घ्यावा. अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाचं नाव कुठल्या महिन्यात पहिल्या पानावर आलं आणि कोणाचं कायमचं नाहीसं झालं, ते दिसतं. नाहीशी झालेली नावं वहीत लिहून घ्यावीत. त्यातली पुष्कळ पुढे दमास्कस, लंडन किंवा बर्लिनमधून छापलेल्या पुस्तकांवर भेटतात.

महिने वाचताना लक्षात ठेवावं की इराक-सीरियात महिन्यांची नावं वेगळी आहेत: कानून सानी म्हणजे जानेवारी, शुबात म्हणजे फेब्रुवारी, तम्मूज म्हणजे जुलै, तिश्रीन अव्वल म्हणजे ऑक्टोबर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पेटलेल्या सरकारविरोधी आंदोलनाला सगळे 'तिश्रीन' म्हणतात. त्यावरचं काही हवं असेल तर हाच शब्द वापरावा.

दुसरा प्रकार म्हणजे झेरॉक्स केलेली पुस्तकं. माझ्या मते मुतनब्बी रस्त्यावरचा सर्वांत मोलाचा माल हाच आणि सर्वांत दुर्लक्षितही. ६ ऑगस्ट १९९० रोजी संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागले, बाहेरून नवी पुस्तकं येणं जवळजवळ थांबलं आणि दिनाराची किंमत कोसळली. प्राध्यापक आणि लेखक घरची कपाटं रिकामी करून याच जमिनीवर विकायला बसले. कोणी प्रवासी एखादी प्रत लपवून आणायचा, तिची झेरॉक्स निघायची, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. हे करणं धोक्याचं होतं. टाइपरायटरचीही नोंद ठेवणारं ते राज्य होतं आणि क्रांती परिषदेच्या, म्हणजे बाथी राजवटीतल्या सर्वोच्च सत्तामंडळाच्या, १९८६ च्या आदेशाने राष्ट्राध्यक्षांच्या जाहीर अपमानाची शिक्षा जन्मठेपेपासून मृत्युदंडापर्यंत नेली होती. इराकी लेखक कनान मकिया यांनी १९८९ मध्ये समीर अल-खलील या टोपणनावाने बाथी राजवटीवर पुस्तक छापलं, ते उगाच नव्हे.

अशी प्रत हातात घेतली की आधी शिवण बघावी. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यामुळे पुस्तक पूर्ण दाबून न धरता झेरॉक्स काढली असेल तर उजव्या पानावर ओळींचा शेवट आणि डाव्या पानावर ओळींची सुरुवात काळ्या सावलीत बुडते. दर पानावर दोन-तीन अक्षरं गेली तरी अरबी जाणणारा माणूस संदर्भाने भरून काढतो. तळटीप कापली गेली असेल तर इलाज नाही, आणि तळटीप बहुतेकदा कापली जातेच, कारण मोठं पान लहान कागदावर बसवलेलं असतं. म्हणून पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी निदान तीन पानं तळापर्यंत बघावीत. नंतर बोट हलकेच ओळीवरून फिरवावं. काळी पूड बोटाला लागली तर शाई सुटायला लागलीय. अशी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत कधी ठेवू नये, कारण उष्णतेने पूड प्लास्टिकला चिकटते आणि पानं कोरी होतात. मध्ये साधा कोरा कागद घालून पुठ्ठ्यात बांधावी. मुखपृष्ठावर भलतंच नाव असेल, पाककृती किंवा धार्मिक दुआ, आणि आत राजकारण असेल, तर मुखपृष्ठ फाडून टाकू नये. निम्मं पुस्तक ते आहे.

तिसरा प्रकार अर्पणपत्रिका लिहिलेल्या प्रती. लेखकाने स्वहस्ते कोणा मंत्र्याला, संपादकाला, पक्षाच्या माणसाला भेट दिलेलं पुस्तक. चार ओळींत नातं उघडं होतं: संबोधन काय, सही पूर्ण नावाची की आडनावाची, तारीख पद मिळण्याआधीची की नंतरची. विक्रेत्यांना याची किंमत कळलेली आहे, त्यामुळे इथे घासाघीस फारशी चालत नाही.

एक शिक्का मात्र दिसला की पुस्तक परत ठेवावं. एप्रिल २००३ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय जळलं आणि लुटलं गेलं, विद्यापीठांची ग्रंथालयंही लुटली गेली. संस्थेचा गोल शिक्का आणि आत दाखल-क्रमांक असेल, रद्द केल्याची नोंद नसेल, तर तो माल कुठून आला ते उघड आहे. हस्तलिखितांनाही हात लावू नये. २००२ च्या ५५ क्रमांकाच्या कायद्याखाली जुने अवशेष देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

वर्दींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण या रस्त्यावर ते सर्वांत जास्त विकले जाणारे विचारवंत आहेत आणि सर्वांत जास्त चोरून छापलेलेही. १९५४ मध्ये त्यांनी सुलतानांच्या उपदेशकांवर 'वुआज अस-सलातीन' लिहिलं. धर्मोपदेशक सत्तेच्या जवळ बसतो आणि सदाचाराचे डोस मात्र गोरगरिबांना पाजतो, त्यामुळे जुलमाला धक्का लागत नाही आणि लोकांच्या मनात दुभंग तयार होतो, असा त्यांचा रोख. पुस्तकाविरुद्ध तेव्हा बरीच प्रत्युत्तरं छापली गेली. आज दुकानात मूळ पुस्तक कुठेही मिळतं, प्रत्युत्तरं मिळत नाहीत. ती जमिनीवर शोधावीत, पन्नासच्या दशकातल्या पातळ, पिवळ्या पडलेल्या पुस्तिकांत. वाद एका बाजूनेच वाचला की वर्दी एकटे शहाणे आणि बाकी सगळे लाळघोटे असं वाटायला लागतं, आणि तसं नव्हतं.

राज्यकर्त्याला स्वतःलाच लेखक व्हायचं होतं, याचाही पुरावा छापील आहे. २००० मध्ये 'जबीबा आणि राजा' ही कादंबरी निघाली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही, फक्त 'तिच्या लेखकाची कादंबरी' एवढंच. ती सद्दाम यांची म्हणून ओळखली जाते. समीक्षकांनी तेव्हा तिच्यावर काय लिहिलं ते त्या वर्षीच्या सरकारी अंकांत पाहावं. कादंबरीपेक्षा ते वाचन जास्त शिकवतं.

आता सेवेतली खरी उणीव. बाथी काळात काय बंद आहे ते ठाऊक असायचं: मंत्रालय होतं, परवाना होता, यादी होती. १९९५ मध्ये मुहम्मद महदी अल-जवाहिरी आणि अब्दुल वहाब अल-बयाती या दोन थोर कवींचं नागरिकत्व काढून घेतलं, तेही सरकारी निर्णयाने. दोघेही दमास्कसमध्ये वारले. २००३ नंतर यादी गेली आणि राज्यघटनेच्या ३८ व्या कलमाने अभिव्यक्तीला हमी दिली, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्तेच्या अटीवर. १९६९ चा दंडसंहिता कायदा मात्र तसाच आहे आणि सरकारी संस्थांच्या अपमानाचं २२६ वं कलमही. कायद्याहून मोठी भीती बंदुकीची. संस्कृती मंत्रालयाचे सल्लागार कामिल शिया यांना २३ ऑगस्ट २००८ रोजी बगदादमध्ये मारलं. कादंबरीकार अला मश्जूब यांना २ फेब्रुवारी २०१९ रोजी करबलात. सशस्त्र गटांचे अभ्यासक हिशाम अल-हाशिमी यांना ६ जुलै २०२० रोजी घराबाहेर. मदा प्रकाशनाचे फख्री करीम एकेकाळी राष्ट्राध्यक्ष तालबानींचे सल्लागार होते, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याही गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या.

याचा दुकानातल्या कपाटावर परिणाम होतो. बाथवर टीका करणारं पुस्तक दर्शनी भागात असतं, त्यात आता कोणाला धोका नाही. आजच्या सशस्त्र गटांवरचं, आजच्या पक्षांच्या पैशावरचं पुस्तक दर्शनी भागात शोधू नये. विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तर तो उर्मट आहे असं समजू नये. मोठ्याने नाव घेऊन, गर्दीत, विशिष्ट गटाबद्दल विचारणं हा त्याला अडचणीत टाकायचा प्रकार आहे. लेखकाचं नाव कागदावर लिहून दाखवावं, मान हलली की विषय सोडावा. दुकानाचा किंवा विक्रेत्याच्या चेहऱ्याचा फोटो न विचारता काढू नये.

पुस्तकं घेऊन झाल्यावर शाबंदर चहाघरात बसावं. ही इमारत आधी छापखान्याची होती, १९१७ पासून चहाघर आहे. मालक मुहम्मद अल-खशाली यांनी पत्ते, सोंगट्या आणि डॉमिनो बंद केले, इथे फक्त बोलायचं आणि वाचायचं म्हणून. ५ मार्च २००७ च्या गाडीबॉम्बने हा रस्ता जाळला. दोन डझनांहून जास्त माणसं गेली, त्यात खशालींचे चार मुलगे आणि एक नातू. चहाघर पुन्हा बांधलं गेलं, त्याला शहिदांचं चहाघर असंही नाव लागलं आणि मुलांची छायाचित्रं भिंतीवर आहेत. त्यांच्याखाली बसून मोठ्याने हसणाऱ्या, फोटोसाठी ओठ काढणाऱ्या पाहुण्यांना आवरायला हवं, असं मनापासून वाटतं.

साधा चहा इस्तिकानात, म्हणजे कंबरेला आवळलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात येतो, साखर तळाशी घातलेली. चमचा थोडाच फिरवला तर शेवटचा घोट फार गोड लागतो. खरी मागवण्याजोगी चीज म्हणजे नूमी बसरा, वाळवून काळ्या केलेल्या लिंबांचा आंबट काढा. त्यात चहापत्ती नसते. लिंबाच्या बिया जास्त उकळल्या की तो कडवट होतो, आणि गर्दीच्या शुक्रवारी भांडं बराच वेळ आगीवर राहतं, म्हणून दहाच्या आत मागवलेला चांगला लागतो. बाकं भिंतीला लागून लांब आहेत, अनोळखी माणसाशेजारी बसणं रीतीचं आहे. मांडीवर जुन्या मासिकाचा गठ्ठा असेल तर शेजारचा माणूस स्वतःहून बोलायला लागतो. आपण घेतलेल्या अंकातलं कुठलं नाव पुढे कुठे गेलं, हे अशाच वेळी कळतं.

२५ डिसेंबर २०२१ रोजी नूतनीकरणानंतर रस्ता पुन्हा उघडला. इराकच्या मध्यवर्ती बँकेच्या पुढाकाराने आणि खासगी बँकांच्या पैशाने फरशी, दिवे आणि एकसारखे दर्शनी भाग झाले. पूर्वी संध्याकाळी ओस पडणाऱ्या रस्त्यावर आता रात्री कुटुंबं येतात, बायका-मुली निर्धास्त फिरतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तोटा झालाय. रात्रीच्या गर्दीला चहा, खाऊ आणि फोटो हवा असतो, आणि जमिनीवरचा पसारा गल्लीबोळांत सरकतो. म्हणून मुख्य रस्त्यावर न थांबता बाजूच्या कैसरियांत, म्हणजे छत असलेल्या आतल्या गाळ्यांत, आणि सराय बाजाराकडे शिरावं. जुनी मासिकं आता तिथे जास्त.

पैसे रोखच न्यावेत, लहान नोटांत. सर्वांत लहान नोट २५० दिनारांची. ५०,००० ची नोट काढली तर सकाळी सुट्टे मिळत नाहीत, आणि सुट्ट्यांसाठी विक्रेता शेजारी गेला की तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक गठ्ठा उचलतं. एकेक पुस्तकाची घासाघीस करू नये. सात-आठ पुस्तकं बाजूला काढावीत आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारावा. कापडी पिशवी आणि दोन पुठ्ठे घरून न्यावेत, सुतळी विक्रेत्याकडे मिळते.